आधी तरंगणे, मग पोहणे

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व प्राथमिक शिक्षक यांच्या तालुका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूर (रै) येथील काही महिला नावेने वैनगंगा ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडण्यास निघाल्या होत्या. नाव उलटली आणि सहा महिलांना जलसमाधी मिळाली. पुढच्या वर्षी, २०२५ च्या महाशिवरात्रीस, याच वैनगंगेत एकाच कुटुंबातील तीन तरुणी बुडाल्या. त्यानंतर तीन आठवडेही लोटले नव्हते, तोच १५ मार्च रोजी नागभीड तालुक्यातील घोडाझरी तलावात पाच तरुण गेले.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या महिन्यांकडे आपण लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. यांपैकी एकही महिना पुराचा नाही. आपली सारी तयारी मात्र पुरासाठी असते. पर्लकोटेचे पाणी चढून भामरागडचा मार्ग बंद होतो, गोसीखुर्दचे दरवाजे उघडल्यावर वैनगंगाकाठची गावे सावध केली जातात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीचा महापूर ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंजकडील मंडळी विसरलेली नाहीत. त्याविषयीच्या सूचना आपणांस दरवर्षी मिळतात, म्हणून मी त्या येथे पुन्हा वाचून दाखवीत नाही. पाणी वाहून जाणाऱ्या रपट्यावर पाऊल घालू नये, वाहन तर मुळीच घालू नये, एवढे सांगून मी शांत पाण्याकडे वळतो.

आपले दोन्ही जिल्हे पाण्याचे आहेत. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. शिवाय इरई, कठाणी, खोब्रागडी, बांडिया आहेतच. गावोगावी मालगुजारी काळातील मामा तलाव आहेत आणि शेतात बोड्या आहेत. धानाचे सारे जीवन या पाण्यावर उभे आहे. असे असूनही सातवीत गेलेल्या मुलाला पाण्याच्या पृष्ठभागावर अर्धा मिनिट तरंगता येते काय, हे आपण कधी विचारलेले नाही. गुणपत्रकात त्याला जागाच नाही.

मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर. नदीवर लिहिलेली वर्णने पुष्कळ वाचली होती, पण नदीत उतरलो तो वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. शिकवणारे ढिवर समाजातील एक वयोवृद्ध गृहस्थ होते. पहिले चार दिवस त्यांनी मला हात मारूच दिला नाही. ‘साहेब, पाण्याशी भांडू नका, आधी त्याच्यावर निजा,’ एवढेच ते म्हणत. त्या वेळी मला ते थोडे हास्यास्पद वाटले. पुढे कळले की यात शास्त्र आहे. छातीत हवा असताना माणसाचे शरीर गोड्या पाण्यात जेमतेम तरंगते, म्हणजे डोक्याचा थोडाच भाग वर राहू शकतो. घाबरलेला माणूस मदतीसाठी दोन्ही हात वर करतो, त्या हातांचे वजन शरीरावर पडते आणि तोंड खाली जाते. तोच उताणा झाला, कान पाण्यात बुडू दिले, हनुवटी वर आणि हात पसरून पाण्यातच ठेवले, तर नाक-तोंड आपोआप वर राहते.

म्हणून शिकवण्याचा क्रम असा असावा. मुलाच्या कमरेइतक्या पाण्यात प्रथम तोंड बुडवून श्वास सोडणे. नंतर शिकवणाऱ्याचा हात पाठीखाली ठेवून उताणे तरंगणे. तो हात हळूहळू काढून घेणे. मग आडवा बांबू धरून पाय मारणे. पालथे असताना उताणे होता आले की निम्मे काम झाले. हात मारून अंतर कापणे हे सर्वांत शेवटी. मुले याच्या उलट करतात. ती एकमेकांचे पाहून प्रथम उडी मारतात.

हे साध्या साधनांनी करता येते याचा दाखला शेजारच्या बांगलादेशाने दिला आहे. तेथे ‘स्विमसेफ’ या उपक्रमात खेड्यांतील तळ्यांमध्ये बांबूचे मचाण बांधून मुलांना शिकविण्यात आले, आणि शिकविणारेही त्याच भागातील. २५ मीटर पोहणे, ३० सेकंद तरंगणे आणि दुसऱ्याला काठावरून वाचविणे एवढीच त्यांची परीक्षा. आपल्याकडे बांबू बाहेरून आणावा लागत नाही, आणि पाणी जाणणारे ढिवर बांधव तर तलावावर रोजच असतात. त्यांना मानधन देऊन सन्मानाने बोलवावे. मुलींसाठी स्वतंत्र वेळ आणि शिकवणारी स्त्री असावी. मोठ्या मुलींना व महिलांना काही सराव नेहमीच्या कपड्यांतच द्यावा, कारण नाव उलटते तेव्हा अंगावर साडीच असते.

आता परीक्षेतील तिसऱ्या गोष्टीविषयी. एक बुडू लागला की दुसरा उडी घेतो, त्याला वाचवायला तिसरा, आणि एकाच्या जागी तीन जीव जातात. बुडणारा समोर येईल त्यास मिठी घालतो, त्या मिठीतून चांगला पोहणाराही सुटत नाही. शिवाय बुडणारा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर आले की श्वास घ्यावा की हाक मारावी अशी स्थिती असते, आणि हाक राहून जाते. तेव्हा मुलांना तीनच गोष्टी घोकून घ्याव्यात: मोठ्याने हाक मारून माणसे बोलाव, काठावर आडवे पडून बांबू, लुगडे किंवा दोर पुढे कर, जवळ असेल ते तरंगणारे फेक. पाण्यात उतरू नकोस. तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा, घट्ट झाकण लावलेला, एका माणसाचे तोंड पाण्यावर ठेवू शकतो. प्रत्येक घाटावर व तलावाच्या पाळीवर असे डबे दोर बांधून टांगावेत, असे मला वाटते. नावेत मात्र डब्यावर भागू नये. तेथे प्रवासी तितकी जीवरक्षक जाकिटे हवीत, आणि ती अंगात घातलेली हवीत.

एक गोष्ट थोडी अवघड आहे, तरीही बोलतो. काही खड्डे आपणच खणले आहेत. गाळ काढताना तलावाच्या तळाशी उभ्या कडांचे खड्डे राहतात. नदीत रेतीच्या उपशानेही तसेच होते. पाणी भरले की वरून सारे सारखे दिसते. कालपर्यंत गुडघाभर पाण्यात चालणारे मूल एका पावलात डोक्यावर पाण्यात जाते. एप्रिल-मे महिन्यांत तळ उघडा पडतो, तेव्हा ग्रामपंचायतीने शिक्षकांसह फिरून हे खड्डे पाहावेत, कडा उतरत्या करून घ्याव्यात, आणि जे बुजविणे शक्य नाही तेथे उंच खांब रोवावेत. हे काम कंत्राटदाराचे देयक मंजूर होण्यापूर्वी झाले तर अधिक बरे.

पाण्यातून काढलेल्या माणसास उलटे टांगणे, डोक्यावर घेऊन गरगर फिरविणे, पोट दाबणे हे प्रकार अजून दिसतात. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास थांबला असेल तर उताणे निजवून, नाक चिमटीत धरून, तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत. नंतर छातीच्या मध्यावर जोराने व वेगाने तीस दाब, मग दोन श्वास, असे रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवावे. क्रमांक १०८. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते. ज्यास मिरगीचे झटके येतात त्याने एकट्याने आंघोळीस उतरू नये, आणि मोहाची घेतलेल्याने तर कोणाबरोबरही उतरू नये.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घेता येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये तलावाचे पाणी उतरते आणि ऊनही बरे असते, तेव्हा शाळेच्या वेळेबाहेर वर्ग भरवावा. एका वेळी पाण्यात पाचपेक्षा अधिक मुले नसावीत, आणि काठावर मोजणारा एक माणूस असावा. त्याने फक्त डोकी मोजायची, दुसरे काम त्यास देऊ नये, भ्रमणध्वनीही त्याच्या हाती नसावा. जागा निवडताना पाळीकडील बाजू खोल असते, म्हणून समोरची उथळ बाजू घ्यावी, सांडव्यापासून आणि कमळाच्या दाट वेलांपासून दूर. दोर, बांबू, रिकामे डबे आणि शिकवणाऱ्याचे मानधन एवढाच खर्च आहे. त्याचा अंदाज ग्रामसेवकांनी सभेपूर्वीच कागदावर मांडून आणावा.