किती पिक्सेल्सनी पाहिलं?

(मासिक बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकांत अंधश्रद्धा, जातिव्यवस्था, शिक्षण अशा विषयांवर बोलणं होतं. त्यात क्ष-किरणांच्या डिटेक्टरचं काय काम, असं एका मैत्रिणीने मला फोनवर विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटी देते.

कृष्णविवरात पडणारा तप्त वायू, न्यूट्रॉन तारे, ताऱ्यांचे स्फोट यांच्यातून जास्त ऊर्जेचे म्हणजे 'हार्ड' क्ष-किरण निघतात. आपलं वातावरण ते अडवतं, म्हणून उपकरण उपग्रहावर न्यावं लागतं. तिथे नेहमीच्या कॅमेऱ्यातलं सिलिकॉन फारसं उपयोगी नाही. अर्धा मिलिमीटर सिलिकॉनमधून ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे बहुतेक फोटॉन सरळ आरपार जातात. जर्मेनियम चांगलं, पण ते अतिशय थंड ठेवावं लागतं. म्हणून कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांचा स्फटिक वापरतात. पाच मिलिमीटर जाडीत तो हे फोटॉन अडवतो आणि साधारण खोलीच्या तापमानाला काम करतो. इस्पितळात न्यूक्लिअर मेडिसिनच्या कॅमेऱ्यांतही तो असतो.

असा एक फोटॉन शोषला गेला की सुमारे १३ हजार इलेक्ट्रॉन सुटतात आणि तितक्याच रिकाम्या जागा, म्हणजे 'होल्स', तयार होतात. इलेक्ट्रॉन चटकन पोचतात. होल्स रेंगाळतात, वाटेत अडकतात आणि ऊर्जा खरीपेक्षा कमी मोजली जाते. उपाय असा, की एका बाजूचा इलेक्ट्रोड छोट्या चौकोनांत विभागायचा. चौकोन लहान असला की सिग्नल मुख्यतः इलेक्ट्रॉनचाच येतो. शिवाय फोटॉन कुठे पडला तेही कळतं. हेच पिक्सेल.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या ॲस्ट्रोसॅटवर असं एक उपकरण बसवलं होतं. त्यात मुंबईच्या टीआयएफआरचा पुढाकार आणि पुण्याच्या आयुकाचाही वाटा. प्रत्येकी २५६ पिक्सेल्सचे ६४ डिटेक्टर, एकूण १६,३८४ पिक्सेल्स. वर टँटलमचा भोकाभोकांचा पत्रा. समोरच्या ताऱ्यामुळे त्या पत्र्याची सावली हजारो पिक्सेल्सवर पडते आणि सावलीच्या नक्षीवरून ताऱ्याची दिशा काढता येते.

आता माझी फजिती सांगते. पीएचडी करत असताना एका रात्री अशाच एका डिटेक्टरच्या डेटात क्ष-किरणांचा छोटासा भडका दिसला. मी तेव्हाच सहकाऱ्यांना ईमेल केली आणि आईला फोन लावला. तिने गल्लीत पेढे वाटले. सकाळी माझ्या सरांनी एकच प्रश्न विचारला, "किती पिक्सेल्सनी पाहिलं?" मी तपासलं. दोन. तेही शेजारशेजारचे, बिघडलेले. सगळ्यांना पुन्हा ईमेल लिहावी लागली. पेढे मात्र परत घेता आले नाहीत!

ते पिक्सेल खोटं बोलत नव्हते, हे महत्त्वाचं. विजेचा झटका खराच होता, पण त्याचं कारण आकाशात नव्हतं. कुणी नवस बोलल्यावर बरं वाटलं म्हणतो, तेव्हा मला हेच आठवतं. अनुभव खरा असतो. कारण तपासायचं राहिलेलं असतं.

आणि नुसती संख्याही पुरत नाही. कधीकधी एकच वैश्विक किरण आदळतो आणि एका क्षणात पुष्कळ पिक्सेल्स पेटतात. ते साक्षीदार वेगळे नव्हेत. एकच मेसेज पन्नास जणांनी फॉरवर्ड केला तरी साक्ष एकच. ॲस्ट्रोसॅटचं हे उपकरण ६ ऑक्टोबर २०१५ रोजी सुरू झालं, त्याच दिवशी त्याने एक गॅमा-किरण स्फोट टिपला. तो अमेरिकेच्या स्विफ्ट उपग्रहानेही स्वतंत्रपणे पाहिला होता. अशी साक्ष भक्कम.

तर मैत्रिणीला उत्तर. आपल्या मंडळींना दुसऱ्यांचे बिघडलेले पिक्सेल्स लगेच दिसतात. पण आपल्याला आवडणारी बातमी आली, आपल्या विरोधकांना उघडं पाडणारी, की आपणही रातोरात ईमेल पाठवतो. मीसुद्धा पाठवली आहे, एकदा नव्हे. चांगली प्रयोगशाळा स्वतःच्या खराब पिक्सेल्सची यादी ठेवते, ती वेळोवेळी सुधारते आणि डेटासोबत सगळ्यांना देते. त्यात तिला कमीपणा वाटत नाही, उलट त्यामुळेच लोक तिच्या निष्कर्षावर विश्वास ठेवतात. आपल्या गटाची अशी यादी आहे का? नसेल, तर पुढच्या बैठकीत करू या. सुरुवात माझ्यापासून.