कावेरीकाठचे मौन



आश्रमात राहून आलो असे सांगताच लोक विचारतात, "मग, मनाला शांती मिळाली का?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

तामिळनाडूत कुळित्तलैजवळ, कावेरीच्या काठी, शांतिवनम् नावाचा ख्रिस्ती आश्रम आहे. मॉन्शानँ व ल सो या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी तो १९५० साली स्थापिला. ल सो पुढे स्वामी अभिषिक्तानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. १९७३ साली त्यांनी देह ठेवला, तो आपल्या या इंदुरातच. १९६८ पासून १९९३ साली निधन होईपर्यंत बीड ग्रिफिथ्स या इंग्रज साधूंचा तेथे वास होता.

तेथील प्रार्थनामंदिर दक्षिणी देवळाच्या धाटणीचे असून त्याला गोपुर आहे. प्रार्थनेत बायबलाबरोबर उपनिषदांतील वचने व तमिळ भक्तिगीते म्हटली जातात. सकाळी कपाळी चंदन, दुपारी कुंकू, सायंकाळी भस्म. सूर्योदयी आणि सूर्यास्ती ध्यान.

पहिल्या सायंकाळी भस्माचे पात्र समोर आले, तेव्हा मी संकोचाने मागे सरलो. घरच्या कॅथलिक संस्कारांत ते बसेना. ध्यानाला बसलो, तर गुडघे दुखू लागले. आणि देवाऐवजी माझ्या वर्गातील एक मुलगा डोळ्यांपुढे येऊन उभा राहिला. सहलीच्या वर्गणीचे पैसे नाहीसे झाले, तेव्हा सर्वांसमक्ष मी त्याच्यावर आळ घेतला होता. पुढे ते पैसे माझ्याच पुस्तकात सापडले. पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूंना मी हे सांगितले होते; मुलाला मात्र कधीच सांगितले नव्हते.

मौनात त्याला चुकविण्यास जागा उरली नाही. तिसऱ्या सायंकाळी आठवले, राखेच्या बुधवारी आम्हीही कपाळी राख घेतोच. माणूस मातीचा आहे, त्याने मन पालटावे, हेच तिचे सांगणे. त्या दिवशी मी भस्म लावून घेतले.

शाळा उघडली त्या दिवशी सबंध वर्गासमोर मी त्या मुलाची क्षमा मागितली. तो खाली मान घालून उभा राहिला, काही बोलला नाही. त्याने बोलावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नव्हता.

तेव्हा शांती मिळाली का? आश्रमात मला माझ्या अशांतीचे कारण सापडले. त्याचे निवारण घरी परतूनच करावे लागले. तेथे जाणाऱ्याने एवढी तयारी ठेवावी, असे मला नम्रपणे वाटते.