वाढते ऊन आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



समितीने मला जागतिक तापमानवाढीच्या दुष्परिणामांवर बोलायला सांगितले. विषय मोठा, आणि मी शाळेत विज्ञान शिकविलेला साधा मास्तर. हिमालयातला बर्फ वितळतो आहे, समुद्र वर येतो आहे, हे खरेच आहे. पण आज मी तिकडे जात नाही. आपल्या टिनाच्या छपराखाली काय चालले आहे, तेवढेच सांगतो.

मूळ गोष्ट सोपी आहे. उन्हाने जमीन तापते आणि ती उष्णता परत आकाशाकडे जायला निघते. कार्बन डायऑक्साइडसारखे वायू त्यातली बरीचशी अडवून धरतात. असे वायू मुळीच नसते तर पृथ्वी गोठून गेली असती. पण कारखानदारी येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता, तो आज ४२० च्या वर गेला आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्यामुळे हे मुख्यतः झाले. कोराडी-चंद्रपूरच्या चिमण्या आपण पाहतोच. त्या विजेवर आपलाही पंखा फिरतो, हे नाकारून कसे चालेल? परंतु आजवरचा सर्वांत जास्त धूर अमेरिका-युरोपने सोडला. आपल्या शहरातही एसीवाल्या बंगल्याचा आणि एका पंख्याच्या खोलीचा हिशेब सारखा नाही.

२०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. कारखानदारीच्या आधीच्या काळापेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त. दीड अंशाने काय होते, असे कोणी म्हणेल. अहो, ही साऱ्या पृथ्वीची, बाराही महिन्यांची सरासरी आहे! सरासरी एवढी सरकली की उष्णतेच्या लाटा वाढतात, लांबतात, आणि रात्रीही निवत नाही.

ही रात्रच घात करते. घाम सुकतो तेव्हा अंग थंड होते, जशी कूलरची ओली ताटी हवा थंड करते. अंगात पाणी कमी पडले, किंवा हवा दमट झाली, की हा कूलर बंद पडतो. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला रात्री थंडावा मिळाला तर शरीर सावरते. टिनाखाली तो मिळत नाही.

गेल्या मे महिन्यात आपल्याच वस्तीतले एक हातठेलेवाले बंधू संध्याकाळी घरी आले. मळमळते म्हणाले, मग असंबद्ध बोलू लागले. घरच्यांना वाटले, थकले असतील, झोपू द्या. पहाटे गेले. दाखल्यावर हृदयविकार लिहिला. उन्हाचे नाव कुठेच नाही.

म्हणूनच असे मृत्यू मोजले जात नाहीत. अहमदाबादला मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला होता. नंतर अभ्यासकांनी त्या महिन्यातले सगळे मृत्यू आधीच्या आणि नंतरच्या वर्षीच्या मे महिन्याशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. त्यानंतर २०१३ साली तिथल्या महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. लाटेची आगाऊ सूचना, पाणपोया, दवाखान्यांत तयारी, आणि पुढे गरिबांच्या छपरांना पांढरा रंग. यात फार मोठे विज्ञान नाही. पण कोणीतरी ठरवावे लागले.

आता आपल्याकडचे बोलतो. आपल्या विहाराचे सभागृह जाड भिंतींचे आहे, वर स्लॅबवर गच्ची आहे. एप्रिल ते जून दुपारी बारा ते चार ते कुलूपबंद असते, आणि बाहेर ठेलेवाले, घमेली उचलणाऱ्या बाया भिंतीच्या वीतभर सावलीत बसतात. ते उघडे ठेवावे, अशी माझी समितीला विनंती आहे. गच्चीला आणि वस्तीतल्या टिनांना उन्हाळ्याआधी चुना मारावा. जयंतीची आणि बुद्ध पौर्णिमेची मिरवणूक ऊन उतरल्यावर काढावी. तरुण मंडळी नाराज होतील, मला ठाऊक आहे. आणि कोणी उन्हातून येऊन असंबद्ध बोलू लागला तर कांदा हुंगवत बसू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या.

दोन माठ माझ्याकडून. चाव्या दुपारी कोणाकडे राहतील, ते समितीने आजच्या आज ठरवावे.

जयभीम.