कुटकीचा भाजीभात



आज आपण ताटातल्या भाताविषयी बोलू. आपला मुलूख धानाचा. चंद्रपूर म्हणा की गडचिरोली म्हणा, दोन्ही वेळा भातच. भात वाईट नाही. पण ताटभर पांढरा भात आणि वर पातळ वरण, एवढ्याने पोट भरते, रक्त वाढत नाही.

तांदळाचा बराच कस कोंड्यात असतो. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र झाला की कोंडा जातो, कसही जातो. जगाला ही गोष्ट कोंबड्यांमुळे कळली. जावा बेटात आयकमन नावाचे डच डॉक्टर होते. १८९० च्या सुमारास त्यांनी पाहिले, की पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या पायांनी लुळ्या पडतात. कोंड्यासकट तांदूळ दिला की त्याच कोंबड्या चालू लागतात. पुढे १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या घरचे धान्य पाहा. कुटकी! भामरागड-एटापल्लीकडे तिला कोसरी म्हणतात. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात चोथा तीन ग्रॅमसुद्धा नसतो. कुटकीत सात ग्रॅमांहून जास्त असतो. लोहही तांदळापेक्षा जास्त. दुसरी वस्तू शेवग्याचा पाला. शेंगा आपण खातो आणि पाला शेळीपुढे टाकतो. त्या पाल्यात दुधाच्या दुपटीहून अधिक चुना, म्हणजे कॅल्शियम असते. शेळी शहाणी म्हणायची!

दोन्ही मिळून भाजीभात कसा करायचा, ते ऐका.

एक वाटी सडलेली कुटकी घ्या. पाखडा, खडे वेचा, धुऊन अर्धा तास भिजवा. पाव वाटी मुगाची डाळ धुऊन ठेवा. दोन मुठी कोवळा पाला आधी धुवा, मग खुडा. चिरून मग धुतला तर सत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. लोखंडी कढईत दोन चमचे तेल तापवा. जिरे, लसूण, कांदा, मिरची परता. हळद आणि एक टमाटर घाला. मग डाळ, कुटकी आणि साडेतीन वाट्या गरम पाणी. मीठ बेताचे. झाकण ठेवून मंद आंचेवर वीस मिनिटे शिजू द्या. शेवटच्या पाच मिनिटांत पाला घाला. पाणी ओतून टाकायचे नाही. सगळे आतच जिरू द्यायचे. कढई उतरवल्यावर वरून लिंबू पिळा. लिंबामुळे पाल्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. चहा तासाभराने घ्या.

शेवगा नसेल तर अंबाडी, पावसाळ्यात कोवळा तरोटा चालेल. कुटकी नसेल तर हातसडीचा तांदूळ घ्या. कुटकीऐवजी कोदो घेतला तर मात्र सांभाळा. ओला राहून बुरशी धरलेला कोदो विषारी होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशात बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती मेले, ते अशाच कोदोने. नीट वाळलेला, स्वच्छ कोदोच वापरा.

कोणी म्हणेल, "गुरुजी, कुटकी तर गरिबाचे धान्य!" २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. शहरातले लोक आज पैसे मोजून हे धान्य नेतात. आपण लाजायचे कशाला?

खरी अडचण वेगळी आहे. कुटकीचा दाणा बारीक, टरफल चिवट. दिवसभर रोवणी करून आलेल्या बाईने संध्याकाळी ती उखळात कांडायची. तिचे हात भरून येतात. म्हणून रेशनचा तयार तांदूळ तिला सोपा वाटतो, आणि त्यात तिची चूक नाही. तेव्हा पुरुष मंडळींनो, मुसळ तुम्हीही हाती धरा. बचत गटांनो, मिळून सडायचे यंत्र आणता येते का, पाहा. बाईचे कष्ट कमी झाले तरच कुटकी चुलीवर परत येईल.

एक गोष्ट विसरू नका. धाप लागते, डोळे पांढरे दिसतात, तर नुसत्या भाजीभातावर विसंबू नका. आपल्या भागात सिकलसेलचा आजार आहे. दवाखान्यात रक्त तपासून घ्या, आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

या आठवड्यात एकदा भाजीभात करा. घरात वाढताना आधी बाईचे ताट वाढा. रक्त तिलाच सर्वांत जास्त लागते, आणि ती जेवते सर्वांच्या शेवटी.