‘टेक’ आणि ‘घेणें’

लोणावळ्याहून सकाळच्या लोकलनें पुण्यास शिकावयास जाणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यास ‘टेक’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारावा. ‘घेणें’ असें उत्तर तत्काळ मिळेल. मग ‘मी उद्यां परीक्षा देणार आहें’ या वाक्याचें इंग्रजी करावयास सांगावें. पुष्कळदां तो ‘गिव्ह’ लिहितो, आणि हातचा गुण जातो.

मराठींत परीक्षा गुरुजी घेतात व विद्यार्थी देतो. इंग्रजींत विद्यार्थी ती ‘टेक’ करितो. देण्याघेण्याची दिशाच उलटली! त्या मुलास इंग्रजी येत नाहीं असें नव्हे; त्याचें मराठी पक्कें आहे, एवढाच त्याचा अपराध. परीक्षेस ‘बसणें’ मात्र दोन्ही भाषांस मान्य आहे. इंग्लंडांत त्यास ‘सिट’ म्हणतात.

चहा, औषध, रजा, शपथ यांच्या बाबतींत ‘टेक’ आणि ‘घेणें’ बरोबरीनें चालतात. या सोबतीनेंच विद्यार्थी निर्धास्त होतो आणि पुढें फसतो. फोटो व टिपणें आपण काढतों, आजीला स्टेशनवर नेतों. इंग्रजींत या सर्व ठिकाणीं ‘टेक’च. घाट चढण्यास गाडीला वेळ लागतो, तेथेंही ‘टेक’. पुढें ‘आफ्टर’ जोडला कीं मुलगा बापाच्या वळणावर जातो. ‘ऑफ’ जोडला कीं विमान उडतें आणि अंगांतला कोटही उतरतो.

असें असलें तरी इंग्रजीस नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या ‘लागणें’कडे पाहावें. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, चिक्की गोड लागते, आणि घाटांतल्या वळणांवर कित्येकांना गाडीही लागते. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशांत या एका धातूस अनेक अर्थ द्यावे लागले. मराठी मुलानें त्यांची यादी कधीं पाठ केली नाहीं; भूक आणि ‘लागणें’ त्याच्या कानीं जोडीनेंच आलीं.

‘टेक’ हा शब्द मुळांत इंग्रजांचा घरचाही नव्हे. उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन लोकांबरोबर तो इंग्लंडांत आला आणि तेथील जुन्या ‘निमन’ या क्रियापदास त्यानें हुसकून लाविलें. त्या ‘निमन’ची खूण बधिर या अर्थाच्या ‘नम’ शब्दांत उरली आहे.

तेव्हां बाजारांत मिळणाऱ्या अर्थांच्या लांबलचक याद्या घोकण्यांत फारसा लाभ नाहीं. वहींत ‘टेक’ एकटा उतरूं नये. परीक्षा, फोटो, वेळ असें एकेक नाम त्याच्याशीं जोडून, समोर पुरें मराठी वाक्य लिहावें. रोज दोनच जोड्या घ्याव्या, पण मोठ्यानें म्हणाव्या. आठवड्यानें इंग्रजी बाजू झांकून मराठीवरून ती पुन्हां लिहावी. ‘गुरुजींनीं परीक्षा घेतली’ या वाक्याशीं विशेष जपावें. तेथें ‘टुक’ लिहिलें, तर इंग्रज वाचक समजेल कीं गुरुजी स्वतःच परीक्षेस बसले.