पडल्यावर मूल कुणाकडे धावतं?



परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांविषयी आपण दत्तकसंस्थांची माणसं परिषदांत एकत्र येऊन बोलतो ते बहुतेक कागदपत्रांविषयी. ते हवंच. लक्ष्मीकांत पांडे खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा निकाल, २००३ मध्ये भारतानं मान्य केलेला परदेशी दत्तकाविषयीचा हेग करार आणि ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची नियमावली यांनी मुलांच्या बाजाराला मोठा आळा घातला. पण दत्तकाचा आदेश हातात पडला म्हणून मूल त्या घरचं होत नाही. लळा लागायचा असतो, आणि त्याची तयारी आपल्याकडे, इथल्या बालगृहात सुरू होते, असं माझं ठाम मत आहे.

दोन-अडीच वर्षांची मुलगी घ्या. दहा-बारा पाळण्यांच्या कुरकुरीत झोपायची तिला सवय. मऊ वरणभात तिला सांभाळणाऱ्या ठरावीक मावशीनंच भरवायचा, आणि झोपताना तिच्या पदराचं टोक मुठीत हवं. मग एक दिवस अनोळखी रंगाची, अनोळखी बोलीची दोन माणसं येतात. विमान, थंडी आणि रात्री स्वतःची वेगळी, निःशब्द खोली. आपल्याला वाटतं, तिला घर मिळालं. तिच्या लेखी घडलेलं असतं एवढंच, की मावशी हरवली. ती रडली तर चांगलं आहे. जी लळा लावायला शिकली आहे तीच हरवल्याचं दुःख करते, आणि तीच पुन्हा लळा लावू शकते. नव्या आईबाबांनी ते रडं थांबवायची घाई करू नये, जवळ बसून राहावं.

खरी काळजी आहे ती न रडणाऱ्या मुलाची. ‘फार गुणी आहे हो, कुणाकडेही जातं,’ असं आपण कौतुकानं सांगतो. कुणाकडेही जाणाऱ्या मुलाला अजून आपलं असं कुणीच नसतं. म्हणून पहिले काही आठवडे भरवणं, न्हाऊ घालणं, निजवणं, कडेवर घेणं हे फक्त आईबाबांनीच करावं. आजी-आजोबांनी खेळणी आणावीत, पण घास आईबाबांनीच भरवावा. स्वागताचा समारंभ काही महिन्यांनी झाला तरी चालतो. आणि एक सांगणं बाबांना: बायकांच्याच हातांत वाढलेलं मूल दाढीला, जाड आवाजाला घाबरतं. ते मनाला लावून घेऊ नका. जमिनीवर बसा, वाट पाहा.

वेळेचाही प्रश्न आहे. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. संस्थेतून प्रतिपालक-कुटुंबात गेलेल्या मुलांपैकी दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचा लळा अधिक चांगला जुळला. मोठ्या मुलांचाही जुळतो, फक्त अधिक सबुरी लागते. आपल्या टेबलावर पडून राहिलेली फाइल मुलाचे हेच महिने खात असते.

आपल्या हातात आणखी काय आहे? प्रत्येक मुलाला एक ठरलेली मावशी असावी. पालक आल्यावर दोन-चार दिवस तिच्यासमोर, तिच्या मांडीवरून मूल त्यांच्याकडे जावं. तिनं सांगितलेल्या गोष्टींची वही बरोबर द्यावी: कोणत्या कुशीवर झोपतं, कोणतं गाणं लागतं, ‘दूदू’ आणि ‘भूर’ म्हणजे काय. वापरातली गोधडीही द्यावी, आणि ती लगेच धुऊ नका हे बजावून सांगावं. त्या वासात मुलाचं सगळं जुनं घर आहे.

दत्तकानंतर दोन वर्षं अहवाल येतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. वजन, उंची, फोटो असतात. त्यांत एक प्रश्न प्रत्येक संस्थेनं आपल्याकडून विचारावा: मूल पडलं, लागलं, तर कुणाकडे धावतं? आणि पुढच्या परिषदेला प्रत्येक संस्थेनं निदान एका मावशीला बोलण्यासाठी घेऊन यावं, ही माझी आग्रहाची विनंती आहे.