झेंड्याचे कापड कोणाच्या हातचे?

(छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तेथील शिक्षकांनी केलेले भाषण. गावकऱ्यांच्या आग्रहावरून देत आहोत.)



आता थोड्या वेळापूर्वी आपण सर्वांनी झेंडा वर जाताना पाहिला. दोरी मध्येच अडकली, ती सुतारमामांनी हिसका देऊन सोडवली, हेही पाहिले. मग मी रिवाजाप्रमाणे मुलांना रंगांचे अर्थ विचारले. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हे सगळ्यांनी घडाघडा म्हणून दाखविले. पण चौथीतल्या एका मुलीने उलट मलाच विचारले, "गुरुजी, हे कापड कोणी विणले?" तिचे आजोबा जन्मभर मागावर बसले, तेव्हा तिला कापड आधी दिसले आणि रंग मागाहून, ह्यात नवल नाही. मला उत्तर देता आले नाही. आज मी जे बोलणार आहे ते त्या पोरीच्या प्रश्नाचे उत्तर समजा.

झेंड्याची गोष्ट आपल्याकडे सांगायची तर ती तिरंग्यापासून सुरू होत नाही. आपल्या वाडवडिलांच्या डोक्यावर दोन शतके निजामाचा झेंडा होता. पिवळे कापड आणि मध्यभागी पांढरा गोल. हा गोल चंद्र नव्हे, सूर्यही नव्हे, तो कुलचा आहे, म्हणजे भाजलेली रोटी! आख्यायिका अशी की, पहिला निजाम अजून सरदार असताना सुफी संत निजामुद्दीन औरंगाबादी ह्यांच्याकडे जेवावयास गेला. संतांनी पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे पुढे ठेवले. त्याने सात खाल्ले, तेव्हा तुझ्या सात पिढ्या राज्य करतील, असे संत म्हणाले. त्या संतांचा दर्गा आपल्या शहरातच, शहागंजला आहे. निजामाची पहिली राजधानीही औरंगाबादच होती, ती पुढे १७६३ साली हैदराबादेस गेली. पहिल्या निजामाची कबर खुलताबादेस आहे. तेव्हा तो झेंडा कोठून परका आला नव्हता, आपल्याच मातीतल्या गोष्टीचा होता. झेंड्यावर रोटी काढणारे राज्य जगात दुसरे मला ठाऊक नाही. परंतु ज्या रयतेच्या ज्वारीवर ते राज्य पोसले, तिच्या ताटात किती रोट्या पडल्या, हे जुन्या म्हाताऱ्यांना विचारावे लागे. आता ते म्हातारेही राहिले नाहीत. असो.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीस, मुंबईस, पुण्यास तिरंगा फडकला. आपल्याकडे मात्र तो फडकविणे हा गुन्हा होता, कारण निजामाने हिंदुस्थानात सामील होण्यास नकार दिला होता. त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थ ह्यांनी हैदराबादेत तिरंगा उभारला व त्यांना अटक झाली. मग मराठवाड्यातील गावोगावी सत्याग्रह झाला. हातभर फडके काठीला बांधायचे, दोन पावले चालायचे, की पोलिसांची काठी पाठीत. ह्याची सुरुवात त्याच्याही आधी झाली होती. १९३८ साली औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी 'वंदे मातरम्' म्हटले, म्हणून त्यांना शिकण्यास मज्जाव झाला आणि शेकडो मुलांना शिक्षणासाठी नागपूर गाठावे लागले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ तारखेस निजाम शरण आला. म्हणजे देशाला जो झेंडा मिळाला, तो आपल्याला मिळण्यास तेरा महिने आणि दोन दिवस लागले. ते तेरा महिने ज्यांनी सोसले, त्यांतले बहुतेक आपल्यासारखे शेतकरी, कोष्टी, तेली, महार, मांग होते. त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत.

आता हा तिरंगा बनला कसा? ते थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात तुम्ही वाचालच. १९०७ साली मादाम कामा ह्या मुंबईच्या पारशी बाईंनी जर्मनीत स्टुटगार्ट येथे एक झेंडा उभारला, तो आज पुण्यात जपून ठेवला आहे. १९२१ साली आंध्रच्या पिंगली वेंकय्यांनी बेजवाड्यास गांधीजींना एक नमुना दाखविला. त्यावर पुढे चरखा आला. १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असे पट्टे ठरविले, चरखा मधल्या पट्ट्यावर घेतला, आणि हे रंग कोणत्याही धर्माचे नव्हेत, असेही सांगून टाकले. हे शेवटचे वाक्य आजही मोठ्याने वाचण्याजोगे आहे.

चरख्यावर थोडे थांबू. आपल्या मुलखाला अगदी लागून असलेले, पण तेव्हा इंग्रजांच्या अमलाखालचे सोलापूर घ्या. गिरण्यांचे आणि मागांचे गाव. १९३० साली तेथील नगरपालिकेने आपल्या इमारतीवर हा चरख्याचा झेंडा लावला. पुढे मे महिन्यात गावात गोळीबार झाला, सरकारचा धाक उडाला, आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. त्या कायद्याखाली झेंडा हाती घेऊन निघणेही सक्तमजुरीला पात्र ठरले. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले. चार नावे पुन्हा एकदा मनात म्हणा, म्हणजे गावात किती जातीधर्मांची माणसे त्या चरख्याखाली उभी होती ते कळेल. ज्या गावात घरोघर सूत आणि माग, त्या गावाला झेंड्यावरच्या चरख्याचा अर्थ कोणी फोड करून सांगावा लागला नाही. तो त्यांच्या ओसरीतलाच होता.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने आजचा झेंडा मंजूर केला. त्यापूर्वी नमुना ठरविण्यास जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते आणि सभासदांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ह्या दोघांची जोडी आपल्या शहराने पुढे प्रत्यक्ष पाहिली आहे. बाबासाहेबांनी येथे काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती म्हणून राजेंद्रप्रसादांनीच बसविली. घटना समितीत डॉ. राधाकृष्णन ह्यांनी हिरव्या रंगाचा जो अर्थ सांगितला तो मी मुलांना मुद्दाम शिकवितो. हिरवा म्हणजे आपले मातीशी व वनस्पतीशी असलेले नाते, ज्यावर इतर सगळे जीव जगतात. म्हणजे तो पट्टा कुणब्याचा म्हणावा.

चरखा मात्र गेला. त्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चोवीस आऱ्यांचे चक्र आले. कारण असे दिले की, झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे, आणि चरखा एका बाजूने सुलटा तर दुसऱ्या बाजूने उलटा दिसतो. शिवाय चक्र हे चरख्याचेच चाक आहे, असे पंडित नेहरू म्हणाले. कारण खोटे नाही. अशोकाच्या चक्राचा मान मोठा आहे, मला त्याचा अभिमान आहे. तरी कातणारणीचे साधन झेंड्यावरून उतरले, हेही खरे. पण उतरले तरी ते नाहीसे झाले नाही, कारण ते कापडात शिरले! झेंडा हातकताईच्या, हातविणीच्या खादीचाच असावा, असा नियम झाला. देशात मालाची जी सरकारी मानके आहेत, त्यांतले क्रमांक एकचे मानक ह्या झेंड्याचे आहे. रुंदीच्या दीडपट लांबी, नऊ आकार, सर्वांत मोठा २१ फूट लांब नि १४ फूट रुंद. चित्रावर चरखा नसला तरी सुतासुतात होता.

आणि हे सूत कोठले? मुली, आता तुझे उत्तर ऐक. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे. सरकारी मापाचे झेंडे बनविणाऱ्या देशातल्या मोजक्या ठिकाणांपैकी ती एक. झेंड्याचे कापड उदगीरला विणले जाते, नांदेडला शिवले जाते. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला असेच दुसरे मोठे केंद्र आहे. म्हणजे ज्या मराठवाड्यात तिरंगा लावल्याबद्दल काठी खाल्ली, तेथल्याच बायाबापड्यांच्या हातून पुढे देशाचा झेंडा जाऊ लागला. सूत जरा जाड-बारीक झाले की झेंड्याचे कापड बाद होते, म्हणून तेथे सवड, सैलपणा चालत नाही.

परंतु आपण आज फडकविला तो त्यांचा नव्हे. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावर विणलेले व पॉलिस्टरचेही झेंडे चालतील असे ठरले. २०२२ साली घरोघरी झेंडे लागले तेव्हा आपल्या शाळेतही एक गठ्ठा आला होता. मी स्वतः बसून निवडले. कित्येकांत चक्र मध्यभागी नव्हते, काहींत ते अंड्यासारखे लांबट होते. ते बाजूला काढताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

कोणी म्हणेल, गुरुजी, खादी महाग, पॉलिस्टर स्वस्त, गरिबाने झेंडा लावूच नये काय? हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. २६ जानेवारी २००२ च्या आधी सामान्य माणसाला ठराविक दिवशीच झेंडा लावता येई. ती अट गेली हे चांगले झाले. झोपडीवर झेंडा लागला तर तो कागदाचा असो वा पॉलिस्टरचा, त्याला माझा नमस्कार आहे. पण शाळा, चावडी, ग्रामपंचायत ह्या काही गरिबाच्या झोपड्या नव्हेत. ह्यांनी तरी हातविणीचा झेंडा घ्यावा की नाही? आपण सगळे कापूस पिकविणारे. बोंडअळी आपण सोसायची, भाव पडला की आपण पडायचे, आणि आपल्याच चावडीवर खनिज तेलापासून केलेले कापड फडकवायचे! पॉलिस्टरचे बी कोणत्या रानात पेरतात, ते मला दाखवा. आपल्या जिल्ह्यात हिमरूचे माग बसत गेले, ते बादशहा गेले म्हणून नव्हे, गिऱ्हाईक गेले म्हणून. उदगीरच्या मागाचेही तसेच होण्यास फार वर्षे लागणार नाहीत.

सरपंच येथे बसले आहेत म्हणून सांगतो. येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडावा, की २६ जानेवारीस शाळेवर आणि पंचायतीवर जे दोन झेंडे लागतील, ते नांदेडहून खादीचे आणावेत. पैसे पंचायतीस जड जात असतील तर शाळेच्या झेंड्याचे मी देतो. आणि झेंडे आल्यावर, वर चढविण्यापूर्वी, ते त्या मुलीच्या आजोबांच्या हाती द्यावेत. वीण चांगली की वाईट, हे गावात त्यांच्याइतके कोणाला कळत नाही.